करुबांचे डोळे

गाणं ऐन रंगात आलं होतं आणि मध्येच बंद पडलं. आधी बायका थांबल्या, मग पुरुष. एकटं व्हायोलिन तेवढं आणखी ओळभर पुढं गेलं आणि तेही ओशाळून गप्प झालं. मी चर्चच्या मागच्या खोलीपाशी पायरीवर बसून ब्रश धूत होते. अण्णा आत चहा पीत होते. तेवढ्यात एक पोर किंचाळलं. त्याच्या पाठोपाठ दुसरं, आणि मग देवळातली झाडून सगळी पोरं भोकाड पसरून रडायला लागली.

"शाले, बघ गं काय झालं," अण्णा आतून म्हणाले.

मी ओल्या हातांनी तशीच धावले. बाजूच्या दारातून डोकावून पाहिलं. अल्तारावर, म्हणजे चर्चच्या मुख्य वेदीवर, आम्ही बांधलेलं कापड खाली पडलं होतं. चर्चमधल्या रेमेद मावशींनी सकाळी मेणबत्त्या लावायच्या म्हणून त्याची सुतळी सैल केली होती, आणि वरचा पंखा सुरू झाल्यावर ते सुटलं. कापडामागे आमचं अर्धवट काम होतं, लाकडी बाळांचं. गुबगुबीत गाल, कुरळे केस, सोनेरी पंख, कानामागची गुलाबी झाकसुद्धा काय सुरेख उतरली होती. फक्त एकाही बाळाला डोळे नव्हते. उकडलेल्या अंड्यासारखे नुसते पांढरे गोळे, आणि ते सगळे भाविकांवर रोखलेले.

फादर एलायस तुस्कानो नुकतंच प्रवचन संपवून अल्ताराकडे पाठ करून, हात पसरून उभे होते. त्यांना मागचं काहीच दिसत नव्हतं. लोकांचे चेहरे बघून ते गहिवरले होते. पुढं त्यांनीच मला सांगितलं, "इतक्या वर्षांत माझ्या प्रवचनानं कुणाची पापणी ओली झाली नव्हती. मला वाटलं, आज जमलं बुवा एकदाचं."

आता आम्ही पेणची गणपतीवाली माणसं वसईकडच्या त्या चर्चमध्ये काय करत होतो, ते सांगते. फादर एकदा पेणवरून जाताना आमच्या कारखान्यात शिरले होते. दामोदर समेळांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या हातचा अंगरंग त्यांना असा काही आवडला, की गावच्या सणाआधी अल्तारावरची लाकडी बाळं रंगवायला त्यांनी आम्हांलाच बोलावलं. बाळं म्हणजे नुसती डोकी, आणि मानेखाली दोन पंख. बाकी धडाचा पत्ताच नाही. गावात त्यांना पंखाची बाळं म्हणायचे. गणपतीचा हंगाम अजून लांब होता. अण्णा हो म्हणाले, याचं मला नवलच वाटलं. ते एरवी घराजवळच्या कासारवाडीपर्यंत जायलाही कुरकुरायचे.

आमच्या धंद्यात डोळे सगळ्यात शेवटी. अंग, सोवळं, दागिने, मुकुट, सगळं होऊन वाळलं की मग डोळ्यांची आखणी. डोळे आखले की मातीचा बाप्पा होतो, मग त्याच्या शेजारी बसून विडी ओढायची सोय राहत नाही. त्यामुळं आमच्या कारखान्यात महिनोन्‌महिने फळ्यांवर आंधळे गणपती रांगेनं बसलेले असतात. आम्ही त्यांच्यासमोर जेवतो, भांडतो, झोपतो. त्यात भिण्यासारखं काही असतं, हे अण्णांच्या किंवा माझ्या स्वप्नातही आलं नाही.

पण खरी गोम वेगळीच होती, आणि ती फक्त मला ठाऊक होती. गेल्या हंगामाच्या शेवटाला अण्णांचा हात थरथरायला लागला होता. अंगरंगाला ते चालून जायचं. आखणीला चालत नाही. बुबुळाची रेघ केसभर सरकली की देव चकणा होतो. समेळांचा हात गेला, हे पेणेत कळलं असतं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पलीकडच्या आळीत गेलं असतं, आणि तीन पिढ्यांचा कारखाना बसला असता. मला भाऊ नाही. मी होते, पण मी मुलगी. बायकांनी माती मळायची, साचे भरायचे, दागिने रंगवायचे, गणपतीच्या उंदराची शेपटीसुद्धा रंगवायची, पण डोळे पुरुषानंच आखायचे. तशी रीतच होती.

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कशीबशी आटोपल्यावर चर्चच्या पडवीत आमचा पंचनामा सुरू झाला. पास्कू मास्तर गावच्या समितीचे मुख्य. शाळेतून निवृत्त होऊनही छडी हातात असल्यासारखे बोलायचे.

"मेस्त्री, हा काय प्रकार आहे? माझी नात अजून उचक्या देतेय."

"डोळे शेवटी होतात," अण्णा म्हणाले.

"मग शेवट कधी? पुढच्या रविवारी बिशप येणार आहेत. त्यांना असं दाखवू? मी तुम्हांला सांगतो, फादर, वांद्र्याहून माणूस बोलावू. ज्याचं काम त्यानं करावं."

फादर मात्र मघापासून रुमालात तोंड लपवून हसत होते. "मास्तर, पोरं घाबरली हे वाईटच झालं. पण खरं सांगू का? करूब बघून माणसानं घाबरायलाच हवं."

"करूब कोण?" रेमेद मावशींनी विचारलं. त्या चर्चची झाडलोट करायच्या, फुलं सजवायच्या, आणि आम्हांला दुपारी भाकरी-कालवण त्याच द्यायच्या. सुतळीचं पाप आपल्या डोक्यावर आहे म्हणून त्या बिचाऱ्या खांबाआड उभ्या होत्या.

"तुमची पंखाची बाळं. त्यांचं घराणं करुबांचं. आदाम-एवेला बागेतून हाकलल्यावर देवानं वाटेवर पहारा बसवला ना, ते हे करूब. सोबत गरगर फिरणारी जळती तलवार."

"ही एवढीशी पोरं पहाऱ्याला?"

"एवढीशी कुठली, मावशी? एका संदेष्ट्याला दिसले ते. चार तोंडं. एक माणसाचं, एक सिंहाचं, एक बैलाचं, एक गरुडाचं. चार पंख. आणि अंगभर डोळे. पाठीवर डोळे, हातांवर डोळे, पंखांवर डोळे. आणि आपल्या मेस्त्रींनी त्यांना दोनसुद्धा दिले नाहीत."

अंगभर डोळे म्हटल्यावर अण्णांनी उजवा हात हळूच पाठीमागं नेला. मी पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.

"सिंह, बैल आणि गरुड आमच्याकडे तयार आहेत," मी म्हणाले. "देवीचा, शंकराचा आणि विष्णूचा. सांगाल तर तीन दिवसांत चढवते."

फादर मोठ्यानं हसले. पास्कू मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पदर नीट केला.

"मग बैलाचं बाळ झालं कसं, फादर?" मावशी काही सोडायला तयार नव्हत्या.

"ती मोठी गंमत आहे. फार जुन्या काळी तिकडे इराकच्या बाजूला राजवाड्यांच्या दाराशी माणसाच्या तोंडाचे, पंखांचे दगडी बैल उभे करायचे. करूब त्यांच्याच गोतावळ्यातला असावा, असं अभ्यासू लोक म्हणतात. बाळ झाला तो इटलीत, पाचसहाशे वर्षांपूर्वी. तिथल्या कारागिरांना जुन्या रोमन लोकांची कोरीवकामं मिळाली. त्यांत प्रेमदेवाची उघडीनागडी, पंखवाली पोरं होती. त्यांना ती गोड वाटली, आणि त्यांनी ती आणून चर्चमध्ये बसवली. चार तोंडांच्या करुबाचं नाव ह्या पोरांना मिळालं."

मावशींनी छातीवर क्रूस केला. "म्हणजे आपली बाळं परक्या देवाची?"

"दत्तक घेतलेली," फादर म्हणाले.

मावशींचा जीव भांड्यात पडला. दत्तक म्हटल्यावर त्यांची तक्रार नव्हती. पण पास्कू मास्तर अडून बसले. "इतिहास नंतर, फादर. मेस्त्रींनी आज दुपारी, आमच्यासमोर, एका बाळाचे डोळे काढून दाखवावेत. पसंत पडले तर पुढं काम. नाहीतर उद्या वांद्र्याचा माणूस." फादरनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली. दुसरं करणार काय होते?

खोलीत येऊन अण्णांनी एक फळकुट मांडीवर घेतलं, बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि पापणीची रेघ ओढायला घेतली. रेघ निघाली, मध्यावर आली आणि तिथं तिला हिसका बसला. त्यांनी ती पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा तेच. मी दारात उभी होते, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी मान वर केली नाही.

"मी आखते," मी म्हणाले.

"डोळे बाईनं आखायचे नसतात."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या बापानं."

"त्यांनी हात कापायला लागला तर काय करायचं, ते सांगितलं होतं?"

अण्णांनी असं पाहिलं, की वाटलं आता ब्रश फेकून मारतात. तोवर त्या हाताबद्दल आम्ही दोघांनी एक अक्षर काढलं नव्हतं. मला बोलून गेल्यावर रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. वाटलं, हा माणूस कारखाना बुडवील, पण मला ब्रश देणार नाही. मी बाहेर येऊन चिंचेखाली बसले. मावशींनी भाकरी आणि बोंबलाचं कालवण आणलं होतं, ते तसंच निवत राहिलं.

जरा वेळानं फादर आले. अण्णा दारात येऊन बसले. फादर एका उलट्या घमेल्यावर टेकले आणि मला ऐकू येत होतं, हे दोघांनाही दिसत होतं.

"मेस्त्री, जेवला नाहीत म्हणे."

"फादर, एक विचारू? चार तोंडांचा बैल जाऊन बाळ आलं, तेव्हा परवानगी कुणी दिली?"

"कुणीच नाही. कुणा कारागिराला ते बरं वाटलं. त्याच्या चेल्यानं गुरूचं बघून केलं. त्याच्या चेल्याला वाटलं, हे असंच असतं. आज आमच्या मावशींना विचारा. त्या सांगतील की देवाघरची बाळं पहिल्यापासून गुबगुबीतच."

"आणि देव रागावला नाही?"

"अजून तरी तसा निरोप आलेला नाही," फादर म्हणाले.

अण्णा उठून चिंचेखाली आले. मग त्यांनी कालवणाचं भांडं ओढलं आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला म्हणाले, "तूही खा. दुपारी काम आहे."

दुपारी अल्तारापुढं गाव लोटलं. सकाळी किंचाळणारी पोरं सर्वांत पुढं येऊन बसली होती. अण्णा परांचीवर चढले. मी खाली रंगाच्या वाट्या धरून उभी होते. अण्णांनी डावीकडच्या बाळाचा गाल पुसला, ब्रशचं टोक ओठांवर ओलं केलं, हात उचलला. तो हात कापतोय, हे मला खालूनसुद्धा दिसलं. मी डोळे मिटून घेतले. आता सगळ्या गावासमोर ती रेघ फाटणार, आणि ही गोष्ट वसईहून पेणला आमच्याआधी पोचणार.

काही घडलं नाही. मी डोळे उघडले तर अण्णा शांतपणे खाली उतरत होते. त्यांनी ब्रश माझ्यापुढं धरला.

"चढ," ते म्हणाले.

"हे काय, मेस्त्री?" पास्कू मास्तर उठलेच. "पोरीला कशाला चढवता? डोळे तुम्ही काढायचे ठरलं होतं."

अण्णा त्यांच्याकडे वळले. कारखान्यात गिऱ्हाइकाला दर सांगताना असतो तसा करडा चेहरा. "मास्तर, तुम्हांला आमच्यातलं माहीत नाही. देवाचे डोळे पुरुषानं आखायचे. पण देवाच्या दारात जी बाळं असतात, त्यांचे डोळे घरच्या लेकीनंच आखायचे. बापानं हात लावायचा नसतो. रीत आहे."

"कुणाची रीत?"

"आमच्या घराण्याची. पहिल्यापासून."

मी आयुष्यात असली रीत ऐकली नव्हती. आमच्या घराण्यात देवाच्या दारातलं बाळ म्हणून कुणी कधी घडवलंच नव्हतं. मास्तर फादरकडे वळले. "फादर, असं असतं का हो?"

फादरना एकदम खोकला आला. खोकला ओसरल्यावर म्हणाले, "मास्तर, कलेच्या इतिहासात काय काय असतं, ते मी सकाळी सांगितलंच."

मी चढले. बाळासमोर बसले. ते पांढरे गोळे, त्यांच्यावर वरच्या पापणीची सावली कुठं पडेल, बुबुळ किती झाकायचं, हे मला दिसत होतं. कितीतरी वर्षं मी अण्णांच्या खांद्यावरून तेच बघत आले होते. श्वास धरला आणि रेघ ओढली. ती निघाली तशी सरळ शेवटापर्यंत गेली. मग दुसरी. मग तपकिरी बुबुळ, त्यात काळा ठिपका, आणि सगळ्यात शेवटी पांढरा कण. तो कण टेकवला आणि ते बाळ माझ्याकडे बघून हसलं. मी परांचीवर बसल्याबसल्या मोठ्यानं हसले. देवळात हसू नये, हे कळत होतं, पण इलाज नव्हता.

बाजूला सरकले. मग रेमेद मावशी पुढं आल्या.

"हा माझ्याकडे बघतोय," त्या म्हणाल्या.

"छे, माझ्याकडे," कुणी दुसरी म्हणाली.

पास्कू मास्तर दोन पावलं डावीकडं सरकले, मग उजवीकडं. मग त्यांनी नातीला उचलून घेतलं आणि विचारलं, "काय गं, भीती वाटते?" पोरीनं मान हलवून नाही म्हटलं आणि बाळाला जीभ दाखवली. मास्तर घसा साफ करून म्हणाले, "हरकत नाही. रीत असेल तर रीत."

राहिलेल्या बाळांचे डोळे मीच आखले. एक व्हायोलिनवाल्याकडं बघतं, एक पंख्याकडं, आणि एक मी मुद्दाम पास्कू मास्तरांच्या नेहमीच्या बाकावर रोखून ठेवलं. बिशप येऊन गेले. बाळं बघून काय म्हणाले, ते आम्हांला कळलं नाही, कारण आम्ही आदल्या दिवशीच निघालो होतो. एसटीत अण्णा खिडकीपाशी बसले. बस सुटल्यावर मी विचारलंच.

"अण्णा, ही रीत कधीपासूनची?"

"रविवार दुपारपासूनची," अण्णा म्हणाले. मग खिडकीबाहेर बघतच बोलले, "माळ्यावर फुटकी मुंडकी ठेवलीत, त्यांचे डोळे काय उंदीर आखतात? दोन वर्षं बघतोय मी. माझ्यापेक्षा तुझी वरची पापणी चांगली."

माळ्यावर मी चोरून हात बसवत होते, ते कुणालाच ठाऊक नाही, असं मी समजत होते.

"मग पेणेतच का नाही सांगितलंत?"

"पेणेत विचारलं असतं तर बारा जणांनी बारा तोंडं केली असती. बाप्पाचे डोळे, त्यात बाईमाणूस, कुणी ऐकलं असतं का? म्हटलं, आधी लांबच्या देवाकडं विचारून बघू. तो काही बोलला नाही तर आपल्याकडच्या देवाला विचारू. ऐन वेळेपर्यंत माझाही धीर होत नव्हता. वाटत होतं, कदाचित निघेल रेघ."

त्यांचा हात मांडीवर होता. मी तो हातात घेतला. अण्णांचा हात असा मी लहानपणानंतर धरला नव्हता. तो कापत होता आणि त्यांनी तो काढून घेतला नाही. पुढं कुठल्याशा नाक्यावर त्यांनी मला शेंगा घेऊन दिल्या.

पेणेत आल्यावर ती रीत आणखी जुनी झाली. हंगामाला पहिलं गिऱ्हाईक आलं आणि मला गणपतीसमोर ब्रश घेऊन बसलेली बघून चपापलं. अण्णांनी पानाला चुना लावत सांगितलं, "आमच्याकडे डोळे लेकीनंच आखायचे. माझ्या पणज्यापासून." बाळाच्या डोळ्यांवरून बाप्पाच्या डोळ्यांवर रीत कधी सरकली, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाइकानं मूर्ती बघितली, हात जोडले आणि पुढच्या वर्षाची सांगून गेलं. दोन हंगामांत आळीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही आठवायला लागलं, की हो, समेळांकडे बायकाच आखणी करायच्या, आमच्या आजीनं बघितलंय.

अण्णा गेले त्याला बरीच वर्षं झाली. कारखाना अजून आमचाच आहे. आता माझी नजर पूर्वीसारखी राहिली नाही, चष्मा लावूनही बुबुळाची कड धूसर दिसते. माझा मुलगा तन्मय मात्र डाव्या हातानं फार सुंदर रेघ ओढतो. मी चोरून पाहिलं आहे. या हंगामात मी सगळ्या कारागिरांसमोर त्याच्या हातात ब्रश दिला, तर आमचा सगळ्यात जुना कारागीर बाळाराम हातातलं काम टाकून उठला.

"आक्का, हे काय? समेळांकडे डोळे पुरुषानं आखायचे नसतात. दामूअण्णांनी मला शंभरदा सांगितलंय."

सगळे माझ्याकडे बघत होते. तन्मयनं ब्रश खाली ठेवला. मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"खरं आहे तुझं, बाळाराम," मी म्हणाले. "पण डावखुऱ्याला सूट आहे. पहिल्यापासून."

बाळारामानं तन्मयच्या हाताकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाला, "हां, डावखुरा असेल तर गोष्ट वेगळी." आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. तन्मयनं डाव्या हातात ब्रश घेतला.